रिपोर्टातलं 'केसिअस' : गाठीत चीज कुठून येतं?

मानेला गाठ येते. हाताला लागते, दुखत नाही, महिनाभरात जातही नाही. मग सुई घालून किंवा छोटं ऑपरेशन करून तिचा तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्टात एक ओळ येते : 'केसिएटिंग ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस'. शेवटच्या शब्दाचा अर्थ सोपा, लसिका ग्रंथीची सूज. मधला शब्द सांगतो की ग्रंथीत पेशींनी एकत्र येऊन बारीक बारीक गोळे बांधलेत. अडतं ते पहिल्या शब्दापाशी. मोबाइलवर शोधलं तर अर्थ सापडतो, 'चीजसारखं झालेलं'.

मी मिरजेत पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे या शब्दाबद्दल रिपोर्टाच्या खिडकीवर नेहमी विचारणा होते. कवठेमहांकाळकडचे एक मामा सुनेचा रिपोर्ट घेऊन आले होते. नातवानं शब्द शोधून दिला होता. "मॅडम, आमच्या घरात चीज कोण खात न्हाई. पनीर तेवढं लग्नाकार्यात खाल्लं असंल तिनं. त्यानंच झालं का हे? बंद करू का?"

बंद काहीच करायचं नव्हतं. रिपोर्टातली ती ओळ आपल्याकडे बहुधा क्षयाकडे, म्हणजे टीबीकडे बोट दाखवते. पनीर, दूध, अंडी, डाळ हे सगळं त्या सुनेला आता जास्तच लागणार होतं. क्षयाच्या रुग्णाला आहारासाठी सरकार महिन्याला १००० रुपये खात्यात टाकतं ते याचसाठी. 'केसिएटिंग' किंवा 'केसिअस' हा शब्द गाठ कापल्यावर डोळ्यांना काय दिसलं ते सांगतो, खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. पण नुसतं 'दिसायला तसं असतं' म्हणून हा विषय मिटत नाही. त्या पिवळट गराची घडण एकदा समजली की क्षयाच्या गोळ्या सहा-सहा महिने का घ्यायच्या हेही समजतं, म्हणून जरा खोलात जाऊ.

आधी गर कसा दिसतो ते. गाठ आमच्याकडे फॉर्मलिन, म्हणजे तुकडा टिकवणारा द्राव, भरलेल्या डबीतून येते, सुपारीएवढी, कधी बोराएवढी. निरोगी ग्रंथी मधोमध कापली तर आतून एकसारखी, करडी-गुलाबी, लवचीक दिसते. क्षयाच्या ग्रंथीत कडेला करडी पट्टी तेवढी उरलेली असते आणि मधे पिवळट पांढरा, भुसभुशीत गर. तो पात्याला चिकटून येतो. चिमट्यानं उचलायला जावं तर अख्खा तुकडा न येता कण सुटतात. पू असता तर वाहिला असता. रक्तपुरवठा तुटून मेलेला साधा भाग असता तर घट्ट राहिला असता, आपला आकार धरून. हे प्रकरण दोन्हींच्या मधलं असतं.

इथं अमूलचा क्यूब डोळ्यांपुढे आणला तर काहीच जुळणार नाही. ज्या युरोपीय डॉक्टरांनी हे नाव दिलं त्यांच्या ओळखीचं चीज म्हणजे ताजं, न मुरवलेलं, बोटानं दाबलं की फुटणारं. आपल्या घरातलं त्याच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे दूध नासल्यावर फडक्यात बांधून पिळल्यावर जो चोथा उरतो तो.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये चीजला 'केसिअस' म्हणत. इंग्रजी 'चीज', जर्मन 'केझं', स्पॅनिश 'केसो', डच 'कास' ही सगळी त्याचीच पोरंबाळं. फ्रेंच 'फ्रोमाज' आणि इटालियन 'फोर्माज्जो' मात्र वेगळ्या वाटेनं आले. साच्यात घालून आकार दिलेलं म्हणून 'फॉर्म'वरून. दुधातल्या ज्या प्रथिनापासून चीज होतं त्याचं 'केसीन' हे नावही याच शब्दावरून पडलं. गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीनच असतं. लिंबू पिळलं की तेच साकळतं. गाठीतल्या गरात केसीनचा कणही नसतो. दोघांचं नाव एका मुळातून आलेलं, एवढंच.

मागे जात गेलं तर मजा आहे. काही भाषाशास्त्रज्ञ 'केसिअस'चं मूळ आंबणे, उकळणे अशा अर्थाच्या फार जुन्या धातूपर्यंत नेतात. संस्कृतात तोच धातू 'क्वथ्' म्हणून दिसतो. 'क्वथ्'चा क्वाथ झाला, आणि क्वाथाचा आपला काढा. हे नातं सगळ्या जाणकारांनी मान्य केलेलं नाही, पण खरं असेल तर आजीचा काढा आणि युरोपातलं चीज एकाच आजोळचे.

ग्रीकांचा चीजसाठीचा शब्द वेगळा, 'टायरॉस'. वैद्यकात तोही शिरला. जुन्या वैद्यकीय कोशांत चीजसारख्या गाठीला 'टायरोमा' म्हटलेलं सापडतं आणि चीजसारख्या कुठल्याही गोष्टीला 'टायरॉइड'. हा दुसरा शब्द पुढं मागं पडला ते बरंच झालं. गळ्यातली 'थायरॉइड' वेगळी. ती 'थायरिऑस' म्हणजे ढाल या शब्दावरून आली. हे नाव तिला १६५६ साली लंडनच्या थॉमस व्हार्टन यांनी दिलं. मानेतल्या गाठीच्या रिपोर्टात टायरॉइड आणि थायरॉइड असे दोन शब्द शेजारी आले असते तर काय गोंधळ उडाला असता याची कल्पनाच केलेली बरी. देवनागरीत निदान ट आणि थ वेगळे दिसतात.

'टायरॉस'ची दोन लेकरं मात्र अजून रोज वापरात आहेत. १८४६ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं चीजमधून एक अमिनो आम्ल वेगळं केलं आणि त्याला 'टायरोसिन' नाव दिलं. मुरलेल्या चीजमध्ये त्याचं रूपांतर होऊन 'टायरामिन' बनतं. हे टायरामिन आणि क्षय यांचा एक अनपेक्षित संबंध आहे. टायरामिन एरवी शरीरात लगेच मोडलं जातं, पण क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध ते मोडण्याच्या कामात थोडा अडथळा आणतं. त्यामुळे हे औषध चालू असताना जुनं मुरवलेलं चीज खाल्लं तर एखाद्याचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं. औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशाराही असतो. ताज्या पनीरात टायरामिन नगण्य असतं, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णांपुढे हा प्रश्न सहसा येत नाही.

भारतीय भाषांनी याला काय म्हणावं? हिंदीच्या पारिभाषिक शब्दांत 'किलाटी' असा शब्द आहे. 'किलाट' म्हणजे साकळलेल्या, आटवलेल्या दुधाचा प्रकार, आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो येतो. शब्द छान आहे. पण मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्यात तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. डॉक्टर आपसांत 'केसिएशन आहे' म्हणतात आणि नातेवाइकांना 'आत पनीरसारखं झालंय' असं सांगतात.

वैद्यकाची भाषा अशा खाण्याच्या शब्दांनी भरलेली आहे, आणि तो सगळा स्वयंपाक युरोपातला. यकृतातल्या अमिबाच्या गळवातला पू 'अँकोव्ही सॉस'सारखा असतो, हे मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पोरं १९६२पासून पाठ करत आली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी तो माशांचा सॉस जन्मात पाहिलेला नसतो, त्यामुळे उलटंच होतं. पू आधी पाहिला जातो आणि सॉस तसाच दिसत असावा असं मानून पुढे जायचं. काही शब्द मात्र आपल्याला आंदण मिळाल्यासारखे. 'नटमेग लिव्हर' म्हटलं की श्रीखंडात जायफळ किसणाऱ्या घरातल्या पोराला काही समजवावं लागत नाही. 'सेगो स्प्लीन', म्हणजे प्लीहेत साबुदाण्यासारखे पारदर्शक ठिपके, हे तर एकादशी करणाऱ्या महाराष्ट्रासाठीच लिहिलं असावं. आणि स्ट्रॉबेरीसारखी जीभ ओळखण्यात महाबळेश्वरच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरांना कुणी हरवू नये.

चीजचा शब्द मात्र या रांगेतला नुसता वर्णनाचा राहिला नाही. त्यावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला.

पॅरिसचे डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांचं दुसरं काम तितकंच मोठं. जिवंतपणी छातीतून जे आवाज ऐकले, ते मृत्यूनंतर छाती उघडून फुप्फुसाशी ताडून बघायचे. फुप्फुसात त्यांना कधी बारीक करडे दाणे दिसत, कधी पिवळा चीजसारखा गर, कधी तो गर मऊ होऊन वाहिलेला, आणि कधी नुसतं पोकळ भगदाड. लेनेक म्हणाले, हे चार रोग नव्हेत, एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत. ते स्वतः १८२६ साली पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयानंच गेले.

बर्लिनचे रुडॉल्फ फिर्शो हे आधुनिक पॅथॉलॉजीचे पितामह. त्यांना हे पटलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते म्हणाले, चीजसारखं होणं ही पेशी मरण्याची एक रीत आहे. जुन्या पूमध्ये, काही कर्करोगाच्या गाठींतही ती दिसते. तेव्हा करडे दाणे तेवढे खरा क्षय, चीजसारखा न्यूमोनिया वेगळा. फिर्शोंचा दबदबा एवढा की जर्मन डॉक्टर बरीच वर्षं तसंच मानत राहिले. १८६५ साली फ्रान्सचे लष्करी डॉक्टर व्हिलमँ यांनी क्षयानं मेलेल्या माणसाच्या फुप्फुसातला थोडा भाग सशांच्या कातडीखाली घातला. काही महिन्यांनी त्या सशांच्या अंगात तसेच दाणे निघाले. म्हणजे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हे पुष्कळांनी उडवून लावलं. शेवटी २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्येच, फिर्शोंच्या गावात, क्षयाचा जंतू रंगवून दाखवला. करड्या दाण्यातही तोच, पिवळ्या गरातही तोच. जागतिक क्षयरोग दिन याच तारखेला पाळतात.

फिर्शो हरले खरे, पण त्यांचं निरीक्षण अगदीच वाया गेलं नाही. काही बुरशीजन्य आजारांत हुबेहूब असाच गर होतो. म्हणून रिपोर्टात आम्ही 'क्षय आहे' असं ठोकून न लिहिता 'क्षयाशी सुसंगत' असं लिहितो. लोकांना ती डॉक्टरांची पळवाट वाटते. तशी ती नाही.

आता हा गर बनतो कसा ते बघू. श्वासातून क्षयाचा जंतू आत गेला की त्याला गिळायला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात. एरवी गिळलेला जंतू तिथंच संपतो. क्षयाच्या जंतूभोवती मेणचट चरबीचं जाड आवरण असतं, त्यामुळे तो पेशीच्या आत मजेत राहतो, वाढतो. वाढीचा वेग मात्र फार मंद. एकाचे दोन व्हायला त्याला पंधरा-वीस तास लागतात. साध्या जंतूंना वीस मिनिटं पुरतात. शरीर आणखी पेशी पाठवतं. त्या एकमेकींना चिकटून गोळा बनवतात. काही तर एकमेकींत मिसळून एकच राक्षसी पेशी होते, तिची केंद्रकं कडेनं अर्धवर्तुळात मांडलेली. तिला 'लँगहान्स जायंट सेल' म्हणतात आणि स्लाइडवर ती दिसली की आम्ही खुर्चीत जरा पुढे सरकतो. बाहेरून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचं कडं पडतं. हा झाला ग्रॅन्युलोमा. जंतू कोंडला गेला.

गोळ्याच्या मधल्या पेशींची मात्र दुहेरी अडचण होते. आत रक्तवाहिनी नाही म्हणून प्राणवायू नाही, आणि जंतूशी लढताना शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा मार त्यांना बसतो. शिवाय जंतूच्या नादानं या भक्षक पेशी चरबीच्या थेंबांनी भरून फेसाळ झालेल्या असतात. त्या मरून फुटतात तेव्हा प्रथिनं आणि चरबी एकत्र होऊन साठतात. साध्या गळवात पांढऱ्या पेशींची पाचक द्रव्यं मेलेला भाग विरघळवून त्याचा पू करतात. इथं ते काम रखडतं. म्हणून गर वाहत नाही आणि मूळ अवयवाची घडणही त्यात शिल्लक राहत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता गुलाबी, कणीदार, कोरा भाग दिसतो, एकाही पेशीची रेघ नसलेला. प्रथिनं अधिक चरबी, पाणी कमी : खरं चीजही रासायनिकदृष्ट्या याहून फार वेगळं नसतं. जुन्या डॉक्टरांनी नुसत्या नजरेनं दिलेलं नाव इतकं आतपर्यंत बरोबर निघावं, याचं मला अजून नवल वाटतं. संशोधक आता या पदार्थाला सरळ 'केसियम' असंच म्हणतात.

पुढं त्याचं काय होतं यावर रुग्णाचं नशीब ठरतं. जंतूचा शिरकाव झालेल्या शंभरातल्या नव्वदजणांत रोग कधीच वर येत नाही. गर आहे तिथं सुकतो, त्यात चुना साठतो, आणि पुढं कधीतरी वेगळ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका दिसतो. डॉक्टर सांगतात, 'जुना आहे, काळजी नको.' वाईट घडतं ते गर पातळ झाला की. घट्ट गरात जंतू थोडे आणि अर्धवट झोपलेले असतात. तो विरघळला, शेजारची श्वासनलिका फोडून बाहेर पडला, की मागे पोकळी राहते, तिथं हवा पोचते आणि जंतू कोट्यवधींनी वाढतात. खोकल्यातून तेच बाहेर येतात. म्हणजे क्षय पसरवणारा रुग्ण तयार होतो तो या गराच्या पातळ होण्यातून. मणक्यात हेच झालं तर गळू तयार होतं, पण ते तापत नाही, लाल होत नाही. त्याला थंड गळू म्हणतात. मानेतली गाठ अशी मऊ होऊन कातडीतून फुटली की जुन्या बायका तिला 'गंडमाळ' म्हणत. ती महिनोन् महिने वाहत राहते.

औषधं आल्यावरही हा गर आडवा आलाच. गोळी पोटात जाते, रक्तात उतरते, आणि रक्तवाहिनी जिथवर जाते तिथवर पोचते. ग्रॅन्युलोमाच्या कडेपर्यंत ठीक, मधे रक्तवाहिनीच नाही. म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याचं जतच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा. वरची रानं भिजल्याशिवाय कालव्याच्या टेलला पाणी येत नाही, आणि आल्यावर लगेच आवर्तन बंद झालं तर त्याचं रान कोरडंच. औषधालाही शेवटचा टप्पा असाच झिरपत गाठावा लागतो. त्यात काही औषधं गरातल्या चरबी-प्रथिनांना चिकटून कडेलाच अडकतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन कडेच्या जिवंत पेशींत भरपूर साठतं, गरात मात्र फारसं शिरत नाही. पायराझिनामाइड अडकत नाही, सहज पसरतं. रिफाम्पिसिन हळूहळू शिरतं आणि रोजच्या डोसागणिक आत साठत जातं. आज घेतली, उद्या राहिली, परवा दोन घेतल्या, असं केल्यावर ते साठणं जमत नाही.

आणि आत पोचल्यावरही जंतू झोपलेले. आयसोनियाझिड जंतूचं आवरण बनू देत नाही. पण आवरण बनवतो तो वाढणारा जंतू. झोपलेल्याला त्याचा फारसा उपद्रव नाही. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत चार औषधांनी वाढणारे जंतू झपाट्यानं मारायचे. रुग्णाला एवढ्यात बरं वाटतं, वजन वाढतं, खोकला जातो. गोळ्या सुटतात त्या बहुतेक इथंच. पुढचे चार महिने तीन औषधं चालू ठेवायची ती गरात दडून बसलेल्या, मधूनच जाग येणाऱ्या उरल्यासुरल्यांसाठी. रिफाम्पिसिन येण्याआधी हाच कोर्स दीड-दोन वर्षांचा होता, त्यात रोजची इंजेक्शनंही असायची.

त्याच्याही आधी आपल्याच भागात औषधाविना काय करत होते याच्या खुणा अजून आहेत. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीचं नाव ज्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यावरून पडलं, त्यांच्या मिशननं तिथं क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम चालवलं. कोरडी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. कधी छातीत मुद्दाम हवा भरून फुप्फुस दाबून ठेवत, हेतू हा की ती पोकळी मिटावी. श्रीमंतांना पाचगणी परवडायची, गरिबाला घरचा कोपरा. १९५९ साली मद्रासच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. औषधं नियमित घेतली तर घरी राहणाऱ्या गरीब रुग्णाला सॅनेटोरियममधल्या रुग्णाएवढाच गुण येतो, आणि घरच्या लोकांना जास्तीचा धोकाही होत नाही, असं त्यात दिसलं. सॅनेटोरियमचं युग त्यानंतर ओसरत गेलं.

पुन्हा रिपोर्टाकडे. 'केसिएटिंग' असं लिहून आलं तर आपल्या देशात पहिला संशय क्षयाचाच धरायचा. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. गाठीतला थोडा भाग सीबीनॅट किंवा ट्रुनॅट तपासणीला गेला पाहिजे. त्यात जंतू सापडतो का आणि रिफाम्पिसिन त्याला लागू पडेल का, दोन्ही कळतं. यासाठी तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये बुडवू नये. काही भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवावा. ऑपरेशनआधी नातेवाइकांनी हे एका वाक्यात विचारायला हरकत नाही. 'नॉन-केसिएटिंग' असेल तर सार्कॉइडोसिससारख्या दुसऱ्या आजारांचाही विचार होतो, पण क्षय त्यानं पुरता बाद होत नाही. सुरुवातीच्या क्षयात गर झालेला नसतोच.

उपचार चालू झाल्यावर मानेची गाठ कधी कधी मोठी होते, नवी येते, फुटतेही. घरचे घाबरून गोळ्या बंद करतात. मरणाऱ्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर तुटून पडतं, त्याचा तो परिणाम असू शकतो. डॉक्टरांना दाखवावं, पण गोळ्या आपल्या मनानं थांबवू नयेत.

हा शब्द वैद्यकात क्षयाबाहेरही भेटतो. नवजात बाळाच्या अंगावरचा पांढरा लेप, त्याचं लॅटिन नाव 'व्हर्निक्स केसिओसा', चीजसारखं वार्निश. त्यात बहुतांश पाणी, बाकी चरबी आणि प्रथिनं. आपल्याकडं तो घाण समजून पहिल्याच तासात चोळून धुतात. बाळाच्या कातडीला तो जपतो, आणि जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ २४ तासांनंतर घालायला सांगते.

आणि एक मेंढ्यांचा आजार, 'केसिअस लिम्फॅडिनायटिस'. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या मेंढपाळांना तो नावानं माहीत नसेल, नजरेनं पक्का माहीत असतो. माडग्याळ मेंढीच्या खांद्यापुढे किंवा मांडीच्या वर टणक गाठ, शेळीच्या बाबतीत कानाखाली. कापली की हिरवट पांढरा घट्ट गर, मेंढीत तर कांद्यासारखे पापुद्रे पडलेला. जंतू वेगळा, क्षयाचा नव्हे, पण प्रकार तोच : पेशीत राहणारा जंतू, भोवती जाड आवरण, आत रक्तवाहिनी नसलेला गर. म्हणून इंजेक्शनं देऊनही गाठ बसत नाही. लोकर कातरताना कातडीला होणाऱ्या बारीक जखमांतून तो एकीकडून दुसरीकडे जातो. गाठ फुटलेली मेंढी आधी कातरली की तीच कात्री पुढच्या सगळ्यांना लागण करते. तेव्हा गाठीची जनावरं शेवटी कातरावीत आणि कात्री मधूनमधून जंतुनाशकात बुडवावी. गाठ वाड्यात कापू नये. त्या गरातला जंतू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. पशुवैद्याकडून वाड्यापासून लांब, हातमोजे घालून ती उघडून घ्यावी, गर कागदावर धरून जाळावा, आणि जखम भरेपर्यंत मेंढी कळपाबाहेर बांधावी. माणसाला हा आजार क्वचित होतो. झाला तर बहुधा मेंढपाळाला किंवा खाटिकखान्यात काम करणाऱ्याला, काखेत किंवा जांघेत गाठ येऊन. अशी गाठ तपासायला दिलीत तर आपलं काम मेंढ्यांचं आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.